पान एकशे बारावरचा शिक्का

सुवा, ११ डिसेंबर

माननीय इसोगाई-सान,

थंडी सुरू झाली आहे. तळ्यावरून येणारा वारा आता कान कापून नेतो. साबाएला आपली तब्येत उत्तम असेल आणि चष्म्याच्या कारखान्यात आपलं मन रमलं असेल, अशी आशा करतो. आपला पत्ता मी संस्थेच्या कार्यालयातून घेतला, त्याबद्दल क्षमा असावी.

तीन वर्षांनी लिहितो आहे ते एका किरकोळ कामासाठी. आपली प्रयोगवही क्रमांक सात आमच्या कपाटात नाही. जाताना सामानात चुकून गेली असावी. आपले विभागप्रमुख कुरोइवा सेन्सेई मार्चअखेर निवृत्त होत आहेत, तेव्हा विभागातल्या सगळ्या वह्या क्रमानं लावून ठेवायच्या आहेत. एवढंच कारण. वही सापडली तर माझ्या नावे पाठवावी. सापडत नसेल तर सोबतच्या कागदावर ‘वही हरवली आहे’ असं लिहून, शिक्का मारून पाठवलंत तरी काम भागेल.

त्या शेवटच्या सोमवारच्या बैठकीबद्दल आपल्या मनात काही राहिलं असल्यास एक नमूद करतो. पान एकशे बारा मी पाहिलेलं नव्हतं. सेन्सेईंनी विचारलं आणि मी जे होतं ते सांगितलं.

तळघरातल्या प्रयोगशाळेत सगळं पूर्वीसारखंच आहे. खिडकी अजून नाही, आणि कॉफी अजून तितकीच वाईट आहे.

आपला नम्र,
तोगाशी


२४ डिसेंबर

इसोगाई,

तुझं उत्तर नाही. नसणारच. आधीच्या पत्राची प्रत मी काल काढून वाचली आणि माझी मलाच शिसारी आली. ‘माननीय’ काय, ‘क्षमा असावी’ काय! सहा वर्षं तुला ‘ए इसोगाई, हेलियम भरलंस का?’ म्हणून जिन्यावरून ओरडणारा माणूस मी. आता पूर्वीसारखंच लिहितो.

वह्या लावायच्या आहेत ही थाप होती. युरोपातल्या एका प्रयोगशाळेनं आपला तो शोधनिबंध घेऊन दोन वर्षं डोकं फोडलं. ठिपक्याच्या प्रकाशाची लय आपल्याकडे जेवढी टिकली, तिच्या दहाव्या हिश्श्याएवढीही त्यांच्याकडे टिकत नाही. त्यांनी संस्थेला विचारलं, संस्थेनं तिघांची चौकशी समिती नेमली. फेब्रुवारीअखेर अहवाल आहे. समितीनं वह्या मागितल्या, तर एक ते अकरामधली सातवीच गायब.

सेन्सेई मला म्हणाले, “वही मिळाली तर पाहा. नाही मिळाली तर हरवली म्हणून लिहून घे.” चहा ओतता ओतता म्हणाले. त्यांना काय हवंय हे मला न सांगताच कळतं. एकोणीस वर्षं झाली, कळणार नाही तर काय.

परवा जेवताना मिसाए म्हणाली, “हे नेमकं प्रकरण काय आहे? मला समजेल असं सांग, नाहीतर बोलूच नकोस.” बायको बालवाडीत शिकवते, तिच्यापुढे मोठे शब्द चालत नाहीत. मी म्हटलं, अर्धवाहकाच्या कपच्यात एक ठिपका असतो. असे लाखभर ओळीनं ठेवले तरी रांग तांदळाच्या दाण्याएवढी व्हायची नाही. त्याच्यावर लेझरचा झोत सोडला की तो एकेक करून प्रकाशाचे कण बाहेर टाकतो. त्या प्रकाशाची लय किती वेळ टिकते, ते आम्ही मोजतो. प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, त्यातली एक वाट लांबची, आणि पुन्हा एकत्र आणायचा. लय टिकली असेल तर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. नसेल तर नुसता करडा गोळा.

“मग तुमचे पट्टे उमटले ना? भांडण कशाचं?”

मी सांगितलं की ठिपक्याचा प्रकाश इवलासा आणि लेझर दांडगा. म्हणून वाटेत पोलरायझर, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काचा, एक आडवी आणि एक उभी लावून लेझर अडवायचा, म्हणजे फक्त ठिपक्याचाच प्रकाश पुढे जातो. लेझर जरासा जरी गळला तरी जे पट्टे दिसतात ते लेझरचेच असतात. आणि लेझरची लय टिकतेच, तो बनवलेलाच त्यासाठी असतो.

मिसाएनं लोणच्याची वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, “मग ठिपका नाही अशा रिकाम्या जागी झोत टाकून बघायचा. तिथंही पट्टे आले तर तुमचं पितळ उघडं. एवढं तर आमच्या पाच वर्षांच्या पोरांनाही सुचेल!”

मी सूप पीत राहिलो. तू पान एकशे बारावर नेमकं हेच केलं होतंस. म्हणजे, हे मला नंतर कुणाकडून तरी कळलं.

त्या पानावरच्या माझ्या शिक्क्याचं म्हणशील तर तो असेल तिथं, नाही असं नाही. दर शुक्रवारी तुम्हा सगळ्यांच्या वह्यांची चाळीस-पन्नास पानं माझ्यापुढे यायची. मी काय सगळी वाचतो? हात आपोआप चालतो. पहिल्या आठवड्यात तुला शिकवलं होतं ना, डावीकडचा रकाना सेन्सेईंचा, उजवीकडचा आपला, आणि आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे तो वरिष्ठांच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. तू म्हणाली होतीस, “शिक्क्यालाही कंबर असते का?” सगळी प्रयोगशाळा हसली होती. मी सोडून.

आता स्पष्टच सांगतो. एप्रिलपासून मला सेन्सेईंच्या जागी नेमायचं ठरलं आहे, त्यांच्या शब्दावर. ते झालं नाही तर माझा करार एकतीस मार्चला संपतो. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. या वयात नवखा म्हणून मला कुठं घेणार? आमच्या लग्नात मध्यस्थ म्हणून सेन्सेई नवरा-बायको बसले होते. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव त्यांनी सुचवलं. घरात, कामावर, नात्यात, जिकडे वळावं तिकडे तेच उभे.

म्हणून हात जोडतो. वही नको पाठवूस. हरवली असं लिहून दे.

तोगाशी


२० जानेवारी

इसोगाई,

तू गप्प आहेस आणि मी लिहितोच आहे. भिंतीशी बोलायची सवय तळघरात लागली आहे, दुसरं काय.

मिसाएचे वडील तुला माहीत आहेत. तुला दगडासारखं कडक, तुरट ‘कारिन’ फळ देऊन ‘थेट चाव’ म्हणणारे, आणि तू खरंच दात लावल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे. ते देवळाच्या मंडळींबरोबर रोज सकाळी साडेसहाला तळ्यावर जातात. बर्फ किती जाड झाला ते मोजतात, पाण्याचं तापमान घेतात. तळं पूर्ण गोठून तडकलं आणि भेगेवर बर्फाच्या तुकड्यांची ती रांग उभी राहिली तर देव तळं ओलांडून गेला म्हणायचं. हल्ली कित्येक वर्षांत ती उमटलेलीच नाही. तरी रोज जातात.

गेल्या रविवारी मलाही ओढून नेलं. मी काकडत विचारलं, “बाबा, उमटत नाही हे ठाऊक असताना रोज कशाला हा जाच?”

“न उमटल्याचीही नोंद करायची असते रे. पाचशे वर्षांहून जास्त काळची नोंद आहे.”

“आणि दरवर्षी ‘नाही’ लिहायला वाईट नाही वाटत?”

“वाईट वाटतं म्हणून ‘आहे’ लिहायचं का?” असं म्हणून त्यांनी काठीनं कडेचा पातळ पापुद्रा फोडला. “तू एवढा शिकलेला, आणि प्रश्न काय विचारतोस!”

त्यांना आमच्या प्रकरणातलं काही माहीत नाही. निदान मला तसं वाटतं. मिसाएचं काही सांगता येत नाही.

सोमवारी सेन्सेईंनी बोलावलं. टेबलावर वाळवलेली पर्सिमॉन फळं होती, एक माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, “तोगाशी-कुन, समितीला एक गोष्ट समजावून सांग. झोत अगदी मंद ठेवला की ठिपका लेझरचीच लय उचलतो आणि तीच बाहेर टाकतो. हे पुस्तकात आहे. मग त्या पट्ट्यांत लेझर किती आणि ठिपका किती, कोण वेगळं करणार?”

मी “हो” म्हणालो.

खाली आलो आणि त्या फळाचं देठ हातात धरून बसून राहिलो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. ठिपक्याचा खरा प्रकाश आणि गळलेला लेझर दिसायला अगदी सारखेच. फरक कळायला तू केलंस तेच करावं लागतं, ठिपका बाजूला काढून बघायचं. मी स्वतःलाच विचारलं, सेन्सेई बाजूला काढले तर माझ्यात किती उरतं? मला भीती वाटली, इसोगाई.

समितीपुढे माझी पाळी बारा फेब्रुवारीला आहे. तोवर तुझा कागद आला तर फार बरं होईल. हे लिहिताना मला माझा राग येतो आहे, पण लिहितो आहे.

तोगाशी


४ फेब्रुवारी

इसोगाई,

वही मिळाली.

खोक्यात चष्मा पुसायच्या निळ्या फडक्यात गुंडाळलेली वही क्रमांक सात, बाकी चिठ्ठी नाही, काही नाही. समितीचा पत्ता तुला सहज मिळाला असता. तू वही माझ्या नावे पाठवलीस. आधी मला वाटलं, सुटलो! तुझी एकच प्रत आणि ती माझ्या हातात. बंब तळघरातच आहे, कागद आत टाकायला पाच मिनिटं लागतात. हा विचार मनात आला, तो लपवत नाही.

मग जिन्याखालच्या दिव्याशी बसून पानं उलटली. तुझं ते बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर. प्रत्येक पानावर उजव्या रकान्यात माझा शिक्का, डावीकडे कललेला. पान एक, कललेला. पान चाळीस, कललेला. एकशे दहा, एकशे अकरा, सगळे कमरेत वाकलेले.

एकशे बारावर तुझे दोन आलेख आहेत, एकाखाली एक. वर ‘ठिपक्यावर’, खाली ‘ठिपक्यापासून बाजूला, रिकामी जागा’. दोन्हीकडे तेच पट्टे. त्याखाली तू लिहिलं आहेस: ‘हेलियमच्या थंडीनं यंत्राच्या खिडकीची काच आवळते, त्यामुळे पोलरायझर फसतो आणि लेझर गळतो. हा प्रकाश ठिपक्याचा नाही.’ आणि समासात पेन्सिलनं: ‘तोगाशी-सान, यावर बोलू या का?’

आणि माझा शिक्का. सरळ. अगदी काटकोनात, ताठ उभा.

मी दिवा जवळ घेतला. दुसऱ्या वह्या आणून पाहिल्या. एकोणीस वर्षांत मी मारलेल्या हजारो शिक्क्यांत सरळ उभा एवढा एकच असेल. न वाचता मारला असता तर हात आपोआप वाकला असता. मी वाचत होतो, इसोगाई. इतकं मन लावून वाचत होतो की वाकायचं विसरलो.

आता सगळं सांगतो. तो शुक्रवार मला लख्ख आठवतो. पान वाचून मला आनंद झाला होता. वर्षभर माझ्याही मनात ती शंका होती आणि तोंडातून काढायची हिंमत नव्हती. तू ती एका दुपारी मोजून दाखवलीस. शनिवारी मी एकटा आलो, ठिपका सोडून झोत तीन रिकाम्या जागी टाकला, तिन्हीकडे पट्टे. तू बरोबर होतीस हे मला बैठकीच्या दोन दिवस आधी माहीत होतं.

सोमवारी तू सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलंस. सेन्सेई माझ्याकडे वळले, “तोगाशी-कुन, हे पान तू पाहिलंस का?” मला वाटलं, त्यांना ‘नाही’ ऐकायचंय. मी म्हणालो, “नाही. आणि इसोगाई-सानचा पोलरायझर बहुधा नीट बसलेला नसावा.” दुसरं वाक्य तर कुणी मागितलंही नव्हतं. ते मी वर दक्षिणा म्हणून दिलं.

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नव्हे, तेच तर सहन होत नाही. पेन उचललंस, वही मिटलीस. डॉक्टरेटला चार महिने उरले होते तुझ्या.

आज देवळानं जाहीर केलं, यंदाही तळ्यावर काही उमटलं नाही. सासऱ्यांनी घरी येऊन बूट काढले आणि म्हणाले, “झालं, लिहिलं.” आणि चहा मागितला. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण मला रडू आवरेना. मिसाए मागे आली. मी वही तिच्यासमोर उघडी ठेवली. तिनं बराच वेळ पाहिली.

“नोकरी जाईल,” मी म्हणालो.

“जाईल.”

“सेन्सेई आपल्या लग्नात...”

“लग्न लावलं त्यांनी, तुला विकत घेतलं नाही,” ती म्हणाली. “आणि त्या मुलीनं ही वही कुणाला पाठवली आहे, ते नाव वाच एकदा.”

तोगाशी


१५ मार्च

इसोगाई,

उशीर झाला. रागावली असशील तर तेही बरोबरच आहे.

समितीच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन सेन्सेईंकडे गेलो. पाठीमागून वार करायचा नव्हता. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून सावकाश वही चाळली. मी उभाच. एकशे बारावर थांबले, बोट माझ्या शिक्क्याशी नेलं.

“हा सरळ आहे.”

“हो.”

“म्हणजे वाचलं होतंस.”

“वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतः करूनही पाहिलं होतं. ती बरोबर होती.”

त्यांनी वही उघडीच टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “त्या दिवशी मी तुला विचारलं होतं. का नाही सांगितलंस?”

“तुम्हाला ‘नाही’ हवं होतं असं वाटलं.”

“मी विचारत होतो, तोगाशी-कुन,” ते म्हणाले. “मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.”

मी जागच्या जागी बसलो. ते खरं बोलत होते की आता सोयीचं म्हणून, देव जाणे. डिसेंबरातलं ते ‘हरवली म्हणून लिहून घे’ मी विसरलेलो नाही. पण त्या सोमवारी ते नुसतंच विचारत असतील तर? तर तुझी तीन वर्षं त्यांच्या धाकानं गेली नाहीत, माझ्या मनकवडेपणानं गेली. न बोललेलं ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, सगळी संस्था माझं कौतुक करायची. आणि मी ओळखलं तेच चुकीचं. हे मला आयुष्यभर पुरेल.

सेन्सेईंनी खण उघडला. तुझ्या त्या पानावर डावीकडचा रकाना रिकामा राहिला होता, ते सोमवारी बैठकीनंतर शिक्के मारायचे आणि त्या सोमवारी तू वही घेऊन गेलीस. त्यांनी तिथं शिक्का मारला, खाली त्या दिवसाची तारीख घातली, अकरा फेब्रुवारी, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले. “तूच घेऊन जा,” म्हणाले. “मी नेली तर लोक म्हणतील, म्हातारा वेळ बघून शहाणा झाला.”

समितीपुढे मी शनिवारसकट सगळं सांगितलं. अहवाल आला आहे, त्याची प्रत सोबत आहे. पान नऊ वाच: चूक पहिल्यांदा तुला सापडली, तुझ्या हातून कोणतीही गफलत झाली नव्हती, तुझ्यावर ठपका ठेवणारं विधान खोटं होतं आणि ते मी केलं. प्रबंध सादर करायला तुला दोन वर्षांची मुदत आहे. ती घे किंवा घेऊ नकोस, तुझा प्रश्न. चष्म्याच्या कारखान्यात तू सुखी असशील तर मी कोण सांगणारा?

सेन्सेईंनी निरोपाचं व्याख्यान रद्द केलं. माझा करार एकतीस तारखेला संपतो. तळघराची किल्ली काल परत केली. पुढं काय, ठाऊक नाही. मिसाएचा पगार आहे, सासरे म्हणतात पुढच्या हिवाळ्यात तळ्यावर तापमान घ्यायला ये, तेवढं तरी नीट मोजशील. छातीवरचा दगड उतरला असं लोक म्हणतात तसं काही झालेलं नाही. फक्त सकाळी जाग आली की आज कुणाच्या मनातलं ओळखायचं, हा विचार येत नाही.

एक काम राहिलं. निबंध मागे घेण्याचा संस्थेचा अर्ज सोबत आहे, त्यावर तिन्ही लेखकांचे शिक्के लागतात. सेन्सेईंचा वरच्या चौकोनात झाला आहे. खालचे दोन रकाने मीच आखले. डावीकडचा तुझा, उजवीकडचा माझा. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “तोगाशी-सान, तुमचा शिक्का फारच वाकडा पडलाय, दुसरा कागद देऊ का?” मी म्हटलं, नको, मला तो असाच हवा आहे.

तुझा मात्र सरळ मार.

तोगाशी